राखुंडीचा डबा

जळगाव,
आखाजीचा दुसरा दिवस

प्रिय रहीमचाचा,

सलाम. पाकिटावर माझं अक्षर बघून तुम्ही ते दोनदा उलटंपालटं केलं असणार. कुंदनच्या हातून इतक्या वर्षांत कधी चार ओळी आल्या नाहीत, आणि आज हे एवढं जाड कुठून आलं? चाचीला सांगा, घाबरू नका, मी धडधाकट आहे. फोन का केला नाही, तर माझ्या तोंडात सध्या टाके आहेत आणि जास्त बोलायला मनाई आहे. शिवाय चाळीस वर्षं ढोलाशेजारी उभं राहून तुमच्या कानांचं जे झालंय, त्यामुळे तुमच्याशी फोनवर बोलायचं म्हणजे अख्ख्या गल्लीला ऐकवायचं, आणि हे मला गल्लीला ऐकवायचं नाही. म्हणून एक विनंती. हे पत्र तुमच्या नातीला, नौशीनला, मोठ्याने वाचायला देऊ नका. लिंबाखाली खाट टाका, चष्मा लावा आणि स्वतः वाचा. अक्षर वाईट आहे, पण नववीत शाळा सोडली तेव्हा होतं तेवढंच आहे, त्यानंतर बिघडलेलं नाही.

काल आखाजी झाली. अक्षय्य तृतीयेला मुहूर्त बघायला नको, त्यामुळे एकेका रस्त्यावर तीन-तीन वराती. मी बेबाबाईंच्या ओट्यावर बसून होतो. बेबाबाई म्हणजे माझ्या खोलीच्या मालकीण, स्वभावाने आपल्या हसीनाचाचीची बहीण शोभतील, फक्त त्या ओरडतात जास्त. समोरच्या झाडाला पोरींनी झोका बांधलाय. माहेरी आलेल्या बाया वर जाताना ज्या किंचाळतात त्या सुरात एक बाजा लावला तर काय बहार येईल, असा विचार करत होतो. ते जाऊ द्या. सांगायचं काय, तर आपल्या भाईदासभाऊंचा बँड माझ्यासमोरून गेला आणि मी त्यात नव्हतो. माझ्या जागी बोदवडहून एक जण आणलाय. चाचा, खोटं सांगत नाही, त्याने क्लार्नेटची पत्ती ओली न करताच फुंकायला सुरुवात केली. पहिला सूर कोंबडीसारखा निघाला. बेबाबाईंना गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण त्याही म्हणाल्या, याच्यापेक्षा तू टाक्यांसकट बरा वाजवशील. मी हसलो नाही, हसलं की टाके ताणतात. पण आतून जो फुगलो तो अजून उतरलेलो नाही.

हे सगळं सुरू झालं गेल्या थंडीत. गार पाणी प्यायलं की खालच्या पुढच्या दातांतून कळ थेट कानात जायची. मी म्हटलं, हवा बदलली असेल. तेव्हा मी बँड सोडून सावद्याला केळीच्या गाड्या भरायला गेलो होतो, का गेलो होतो ते मलाही नीट आठवत नाही, कुणीतरी ट्रकवर जागा आहे म्हणालं आणि मी चढलो. तुम्हाला माझी सवय माहीत आहे. मग लग्नं सुरू झाली, परत आलो. आरशात बघितलं तर खालचे दोन दात लांब दिसायला लागले होते. लांब नव्हते झाले, हिरडी खाली सरकली होती. वाजवताना खालचा ओठ आत दुमडतो ना, तो नेमका उघड्या मुळावर दाबला जायचा. वरच्या सुरांना ओठ जरा घट्ट धरला की डोळ्यांपुढे काजवे. दीपनगरच्या कॉलनीत एका लग्नात नवरदेव घोड्यावर, समोर मित्र नाचतायत, आणि ऐन रंगात माझा सूर घसरला. नाचणाऱ्यांना कळलं नाही. मला कळलं. आणि मला पहिली आठवण आली ती तुमची, की चाचा इथे असते तर मागून टपली बसली असती.

त्याच लग्नात जेवायला वरण-बट्टी. आता बट्टी न चावणारा माणूस खान्देशात जन्माला येऊन काय उपयोग, पण मी ती वरणात बुडवून बसलो होतो, मऊ व्हायची वाट बघत. समोरच्या पंगतीत बसलेल्या एक बाई मला म्हणाल्या, दादा, बट्टी भिजवताय का दात? बाजूचे सगळे हसले. पण त्या हसल्या नाहीत, म्हणाल्या, मी दातांची डॉक्टर आहे, जळगावात बसते, या एकदा दाखवायला. त्या मयुरी मॅडम. मी गेलो, पण लगेच नाही. मध्ये पहूरला एका भजनी मंडळाला क्लार्नेट हवं होतं, तिकडे गेलो आणि पंधरा दिवस तिथेच राहिलो, कारण तिथल्या एका म्हाताऱ्याकडे जुनी पेटी होती आणि तो मला ती उघडून दाखवणार होता. त्याने शेवटपर्यंत उघडली नाही. असो.

मॅडमनी आरसा माझ्याच हातात दिला आणि एकेक दात दाखवला. केळीच्या खोडाभोवतीची माती पाण्याने वाहून गेली की मुळ्या उघड्या पडतात, तसं माझ्या दोन दातांचं झालं होतं. म्हणाल्या, गेलेली हिरडी आपोआप वर येत नाही. तसंच सोडून सांभाळायचं म्हटलं तर या दोन दातांजवळ हिरडी इतकी पातळ राहिलीय की ओठाचा रोजचा दाब ती फार दिवस सोसणार नाही. दुसरं म्हणजे दात काढून खोटे बसवायचे. आणि तिसरं, टाळूच्या आतलं थोडं मांस काढायचं, त्या उघड्या मुळांवर ठेवायचं आणि शिवायचं. ते धरलं तर ती स्वतःची हिरडी होते. मी विचारलं, धरलं नाही तर? त्या म्हणाल्या, बहुतेक वेळा धरतं, पण सगळं मूळ झाकलं जाईलच असा शब्द मी देणार नाही. मला ते आवडलं. शब्द देणारे फार बघितलेत. मग म्हणाल्या, उद्या बाजा घेऊन या, वाजवताना तोंडात नेमकं काय होतं ते मला बघायचंय. चाचा, मी दवाखान्यात वाजवलं! त्या वाकून माझ्या ओठाकडे बघतायत, बाहेर दाढ धरून बसलेली माणसं दारात येऊन उभी, आणि एक आजी तर नंबर आला तरी आत जाईना, म्हणे आधी याचं संपू द्या.

भाईदासभाऊंना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. ऑपरेशननंतर दीड महिना फुंकायचं नाही म्हणजे आखाजी गेली, लग्नं गेली. ते म्हणाले, "दोन दात काढी टाक, नवा बसाडी ले. दोन दिवसमा मोकळा. तुना दातस्नी पूजा करानी शे का?" बँडवाले खो खो हसले. भाऊ वाईट नाहीत, त्यांच्या डोळ्यांपुढे बारा सुपाऱ्या होत्या आणि बारा मांडवांत त्यांना उत्तर द्यायचं होतं. मी मॅडमना विचारलं, खोट्या दातांवर वाजवता येईल का? त्या म्हणाल्या, वाजवणारे असतील, पकड नव्याने शिकावी लागेल, सूर तोच राहील का ते तुम्हीच सांगू शकता. विचार करायला त्यांनी वेळ दिला. मी घराकडे येता येता रेल्वे फाटकात अडकलो, मालगाडी चालली होती, डबे मोजायला लागलो आणि चाळिसाव्या डब्याला माझं ठरलं. का ठरलं ते आता सांगतो. हे मी तुम्हाला कधी बोललो नव्हतो.

सात वर्षांपूर्वीचा शुक्रवार. तुमचे खालचे दात एकेक करून हलायला लागले होते आणि शेवटी सगळे काढून कवळी बसवली होती. चाची माहेरी गेली होती. मी बाजारातून भेंडी घेऊन आलो आणि मागच्या खोलीतून आवाज आला. तुम्ही बाजा लावला होता. पहिला सूर उठला आणि कवळी पत्तीबरोबर उचलली गेली, ते खट्ट मी बाहेर ऐकलं. मग दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. मग बाज्याच्या पेटीची कडी लागल्याचा आवाज. मी भेंडी घेऊन पावलं न वाजवता गल्लीच्या टोकापर्यंत मागे गेलो आणि मोठमोठ्याने गाणं म्हणत परत आलो, म्हणजे मी आत्ताच येतोय असं तुम्हाला वाटावं. दुसऱ्या दिवशी तुम्ही पेटी माझ्या हातात दिली आणि म्हणालात, बेटा, माझा दम संपला, आता तू वाजव. सगळ्या धुळ्याला तुम्ही तेच सांगितलंत, दम संपला. आठवड्याने नौशीनचा वाढदिवस होता. तुम्ही तोंडाने तीस फुगे फुगवलेत, एकापाठोपाठ एक, आणि धापसुद्धा लागली नाही. मी भिंतीला टेकून मोजत होतो. दम कुठे संपला होता, चाचा?

तर फाटकात उभा राहून मला ते खट्ट ऐकू आलं. माझ्या हातातला बाजा तुमचा आहे. तो पुन्हा खोट्या दातांत धरायचा नाही, हे ठरलं. पूजा म्हणा, हट्ट म्हणा. भाऊंना मी सांगून टाकलं, दुसरा माणूस बघा, मी ऑपरेशन करतोय. हयातभर मी जिथून निघालो तिथून काही न ठरवता निघालो. शाळेतून, घरातून, चार बँडांतून. पण हे मी बसून, विचार करून ठरवलं आणि मग त्यावरून हललो नाही. आखाजी गेली तरी हललो नाही. माझ्याकडून एवढं झालं, हे कुणालातरी सांगायचं होतं, आणि कुणालातरी म्हणजे तुम्हालाच.

ऑपरेशनचं म्हणाल तर सुई टोचताना दुखतं, त्यानंतर सगळं बधिर. टाळूतून मांस काढताना आवाज ऐकू येतो, दुखत नाही. मी मनात बोटं फिरवत होतो, खालून वर, वरून खाली, तुम्ही पहिल्या वर्षी घोटून घेतले होते ते पलटे. मॅडम म्हणाल्या, मांडीवर तबला का वाजवताय? मी तोंड उघडं असताना काय सांगणार? सव्वा तास लागला. नंतर त्या म्हणाल्या, तुमच्यासारखा न हलणारा माणूस क्वचित मिळतो. न हलणारा! मला! हे चाचीला नक्की सांगा. पहिले तीन दिवस टाळू अशी पोळल्यासारखी होती की थुंकी गिळायची भीती वाटायची. बेबाबाईंनी मऊ खिचडी गार करून घातली, काल आमरस दिला तीन वाट्या, वर म्हणाल्या, पुरणपोळी मात्र तुझ्यासमोर खाणार, राग मानू नको. परवा टाके दाखवायला गेलो होतो. आरसा हातात दिला मॅडमनी. मुळं झाकली गेलीत, चाचा. एका दाताचं पूर्ण, दुसऱ्याचं नखाएवढंही उरलं नाही. रंग जरा फिका आहे, आजूबाजूला मिसळायला वेळ लागेल म्हणाल्या. पण धरलंय. मी तो आरसा लवकर परत देईना.

आता ज्याच्यासाठी मी इतकी पानं इकडेतिकडे हिंडतोय ते लिहितो. दोनदा फोन उचलून तुम्हाला सांगायचं ठरवलं होतं, आणि दोन्ही वेळा केळीचे भाव विचारून ठेवून दिला. पहिल्याच दिवशी मॅडमनी विचारलं होतं, दात कशाने घासता? मी छाती काढून सांगितलं, राखुंडीने. गोवरीची राख, खडामीठ, बोटाने, वर शंभर वेळा आणि खाली शंभर वेळा, एक दिवस खाडा नाही. तुमच्या अंगणातला तो गुलाबाचं चित्र असलेला पत्र्याचा डबा आठवतोय ना? चाची जुन्या ओढणीतून राख गाळायची, आणि तुम्ही उकिडवे बसून मोजायचात. "पहले मुँह, फिर बाजा. और घिस, मसूड़ा पत्थर होना चाहिए." मी तशी डबी करून प्रत्येक गावाला नेली. बोदवडला नेली, पहूरला नेली, सावद्याला केळीच्या ट्रकमध्येसुद्धा होती. बाकीचे हसायचे तेव्हा मला वाटायचं, यांना काय कळणार, यांना मास्तर मिळाला नाही. मॅडमनी ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, यानेच गेली. राख आणि मीठ जोरात घासून हिरडी घट्ट होत नाही, झिजते. ज्यांची मुळातच पातळ असते त्यांची लवकर. ऑपरेशनच्या आधी दीड महिना त्यांनी मला मऊ ब्रशने हलक्या हाताने घासायला लावलं, ती सवय लागल्याशिवाय हात लावणार नाही म्हणाल्या. मी घरी आलो आणि बराच वेळ त्या डबीकडे बघत बसलो. माझ्या दोन दातांचं काही वाटलं नाही. मला तुमचे आठवले, सगळे. तुम्हाला तुमच्या उस्तादांनी शिकवलं, त्यांना त्यांच्या. प्रत्येकाने जीव लावूनच शिकवलं. तुम्ही स्वतःचे जास्त जोरात घासायचात, माझ्यापुढे उदाहरण म्हणून.

हे मी तुम्हाला कधीच सांगितलं नसतं. तुमचे दात गेले, माझे शिवून झाले, कशाला उगाच? पण ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी नौशीनने तिचा व्हिडिओ पाठवला. पोरगी काय वाजवते, चाचा! अकरा वर्षांची आहे आणि श्वास तुमच्यासारखा खालून घेते. तुमच्या बँडात आजवर पोरीने बाजा धरला नव्हता, तुम्ही धरू दिलात, याचा मला माझ्या टाक्यांपेक्षा जास्त अभिमान आहे. मी तो व्हिडिओ बेबाबाईंना चार वेळा दाखवला. चौथ्या वेळी मला शेवट दिसला. ती बाजा खाली घेते, हसते, आणि पत्तीवर लाल डाग आहे. खाली तिने लिहिलं होतं, कुंदनभाई, मी पण रोज शंभर-शंभर घासते, रक्त आलं तरी थांबत नाही, दादाजान म्हणतात कुंदनपण थांबायचा नाही. चाचा, तिची डबी बंद करा. आजच. पाकिटात तीन मऊ ब्रश ठेवलेत, एक तिचा, एक चाचीचा, एक तुमच्या वरच्या सहा दातांचा, ते अजून तुमचेच आहेत. रक्त थांबलं नाही तर तिला मॅडमकडे आणा, मी स्टेशनवर घ्यायला येतो. पण ब्रश कुंदनने पाठवला असं तिला सांगू नका. तुम्ही आणला म्हणा, आणि तुमच्या पद्धतीने अंगणात बसवून, मोजून, हलक्या हाताने तुम्हीच शिकवा. त्या पहिल्या दिवशी मॅडमनी मला हेही विचारलं होतं, इतकं घासायला कोणी शिकवलं? मी म्हणालो, कोणी नाही, आपलीच खोड. परवा टाके बघून झाल्यावर विचारलं, आणि वाजवायला? तेव्हा टाके ताणले तर ताणले, मी पूर्ण तोंड उघडून सांगितलं, रहीम मास्तर, धुळे. श्रावणात कानबाईच्या मिरवणुकीला मी येतोय, तोवर मला फुंकायची परवानगी असेल, आणि नौशीनच्या डाव्या हाताला मी उभा राहीन. तिलाही पुढे कधीतरी कोणी ना कोणी हे दोन्ही प्रश्न विचारणार. तिला दोन्हींना तुमचंच नाव सांगता यावं, म्हणून हे लिहिलं.

तुमचाच, आणि तुमच्या बाज्याचा,
कुंदन